गवत कुणी पेरतं व्हय?

फौजेतून मी हवालदार म्हणून सुटलो आणि गावात उतरलो त्या दिवसापासून मेजर झालो. आमच्याकडं पेन्शनीवर आलेला प्रत्येक जण मेजरच असतो, मग त्यानं नोकरीभर बंदूक धरलेली असो नाहीतर खेचराचा लगाम. मी लगाम धरला. चोवीस वर्षं बर्फाळ डोंगरांत खेचरं सांभाळली, त्यांच्या पाठीवर रेशन लादलं, त्यांचे खूर बघितले, त्यांना काय पचतं आणि काय पचत नाही ते शिकलो. माणसांत परत आल्यावर काय करायचं ते मात्र कुणी शिकवलं नव्हतं.

गाव लोणंदपासून मोटारसायकलनं अर्ध्या तासावर, डोंगराच्या पायथ्याला. खाली पाटाच्या पाण्यावर आमचा थोडा ऊस आहे आणि घरामागं डोंगराकडं चढत गेलेला सहा एकरांचा माळ. माळ वडिलांचा आणि मयत चुलत्यांचा सामाईक. चुलते गेल्यापासून चुलती, म्हणजे काकी, शेजारच्या दोन खोल्यांत एकटीच राहते. तिची एक म्हैस आणि चार शेरडं त्या माळावरच जगायची. वडिलांना आम्ही आबा म्हणतो. आबांची ऐंशी सरली आहे, गुडघे गेलेत. ते दिवसभर ओट्यावर बसून असतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला गुडघ्यांची हकीकत सांगतात.

मी आलो तेव्हा माळावर कुसळी माजली होती. हे गवत कोवळं असताना जनावर खातं, पण एकदा फुलोरा आला की त्याची टोकदार कुसळं जनावराच्या तोंडात घुसतात, मेंढरांच्या लोकरीत घुसतात, आपल्या धोतरा-पायजम्यात घुसतात. काकीची म्हैस दिवाळीनंतर माळावर नुसती उभी राहायची. ते बघून मला उत्तरेतली एक बाई आठवली.

एका छावणीजवळ तिचं रान होतं. बर्फ वितळायला लागलं की ती जुन्या गवतातच मूठ मूठ बी फेकत चालायची. नांगर नाही, कुदळ नाही. उगवायचं ते तीन पानांचं हिरवंगार रोपटं. क्लोव्हर म्हणतात त्याला. आमची खेचरं कुंपणावरून मान घालून ते ओढायची. मी तिला विचारलं होतं, गवत असताना आणखी बी कशाला? ती तिच्या हिंदीत म्हणाली, "अकेली घास थक जाती है।" मला ते पटलं होतं. सुटायच्या आधी तिथल्या बाजारातून मी त्याचं किलोभर बी घेतलं आणि ट्रंकेत कपड्यांच्या खाली ठेवून गावी आणलं.

पहिल्याच जूनमध्ये ते बी घेऊन माळावर निघालो. आबा ओट्यावरून बघत होते.

"काय पेरतुयास?"

"गवत."

मी पाणी पेरतोय म्हटल्यासारखं आबांनी माझ्याकडं बघितलं. "गवत कुणी पेरतं व्हय? गवत येतं. पेरायचं असतंय ते पीक."

मी बी विस्कटत माळ चढलो. पंधरा-वीस दिवसांनी माळाच्या खालच्या अंगाला, दगडांच्या सावलीत, तीन तीन पानांची इवलीशी रोपं दिसली. खरं सांगतो, गुडघ्यावर बसून मी एकेक पान मोजलं. फोटो काढून हिमाचलात राहणाऱ्या माझ्या जुन्या जोडीदाराला पाठवला. त्यानं अभिनंदन केलं. बायकोला वर नेऊन दाखवलं. ती म्हणाली, "छान हाय," आणि धुणं राहिलंय म्हणून खाली गेली. मग काकी शेरडं घेऊन आली. तिलाही दाखवलं. तिनं वाकून एक रोप उपटलं आणि सरळ तोंडात घातलं.

"आंबुटी हाय की रं ही."

"काकी, नीट बघ. हे बी मी आणलंय."

"बघायचं काय त्यात? चाव."

मी चावलं. आंबट. तोंडात ती चव आल्याबरोबर सगळं आठवलं. शाळेतून येताना बांधावर बसून आम्ही हीच पानं खायचो, दात आंबेपर्यंत. काकी म्हणाली, "ल्हानपणी तूच बकाबका खात हुतास. इसरलास?"

ती हसत होती. मला हसू आलं नाही. क्लोव्हर उगवलं नाही याचं एवढं काही नव्हतं. आपण ज्या मातीत वाढलो तिथली आंबुटी आपल्याला ओळखता येऊ नये, हे काही केल्या समजेना. मग आणखी काय काय ओळखता येत नसेल? त्या दिवसापासून मी रस्त्यात भेटलेल्या माणसाशीसुद्धा जरा जपून बोलायला लागलो. जुना वर्गमित्र समजून एकदा भलत्याच माणसाच्या पाठीवर थाप मारली होती, तेही आठवायला लागलं.

त्या हिवाळ्यात पेन्शनच्या कागदासाठी साताऱ्याला गेलो होतो. काम झाल्यावर तिथल्या कृषी खात्याच्या कचेरीत शिरलो. एक तरुण बाई होत्या. त्यांनी माझी सगळी गोष्ट शांतपणे ऐकून घेतली, आंबुटीचीसुद्धा.

"क्लोव्हर थंडीतलं हो," त्या म्हणाल्या. "तुमच्या माळावर मार्चमध्येच भाजून जाईल. आपल्याकडं त्याचं काम स्टायलो नावाचा शेंगवर्गातला चारा करतो. त्यालाही तीनच पानं असतात."

तीन पानं म्हटल्यावर मला धसकाच बसला. त्या हसल्या. "ही आंबट नसतात. सोबत मारवेल गवताचं बी घ्या. जुनं गवत उपटू नका, माळ नांगरू नका, माती धुपेल. आहे त्या गवतातच बी विस्कटा. आणि पहिलं वर्ष चराई बंद."

मी सगळं वहीत लिहून घेतलं. पण गावात प्रत्येकाचं वेगळं. मोबाईलवरच्या व्हिडिओतला एक माणूस सांगत होता, आधी नांगरा, मग पेरा. जूनच्या सुरुवातीला कोकणातून माघारी येणारे धनगर आमच्या गावावरून जातात, त्यातला एक म्हातारा माळाकडं बघत म्हणाला, "मेजर, बी टाका आन वरनं माजी मेंढरं फिरवा. खुरानं दाबलं की उगवतंय बगा." आणि आबा तर गवत पेरतच नाहीत म्हणून बसलेले. चार माणसं, चार वाटा. मी बाईंचं ऐकलं. त्या जास्त शहाण्या वाटल्या म्हणून असंही नाही. त्यांनी हुकूम दिल्यासारखं सांगितलं होतं, आणि माझी सवय तीच होती. धनगराला मी हात जोडून पुढं पाठवलं.

स्टायलोच्या बियाचं टरफल कडक असतं, ते गरम पाण्यात काही मिनिटं ठेवून मग गार पाण्यात भिजवावं लागतं. मी चुलीवर पातेलं ठेवलं. बायको भाकरी थापायची थांबली.

"आवं, बी शिजवून पेरायचं असतंय व्हय?"

"शिजवत न्हाई. गरम करतोय."

"मग शिजवणं म्हंजी काय असतंय?"

मी चुलीतलं लाकूड मागं ओढलं. खरं तर मलाही भीती वाटत होती. पाणी जास्त तापलं की कमी, कळायला मार्ग नव्हता. बोट घालून बघितलं, बोट भाजलं. बरोबर असेल म्हणून बी आत टाकलं. दुसऱ्या दिवशी ते सावलीत वाळवलं, मातीत कालवलं, मारवेलच्या हलक्या बियांबरोबर मुठीनं सगळ्या माळावर विस्कटलं. बोराटीची एक मोठी फांदी दोरीला बांधून वरून ओढली, म्हणजे बी थोडं मातीत बसावं. मग माळाच्या भोवतीनं काट्यांचं कुंपण घातलं.

काकीला सांगायला गेलो. "ह्या वर्षी माळ बंद, काकी. म्हशीला मी खालचं हिरवं देतो. शेरडांना बांधावरचं गवत कापून आणून टाकतो."

"शेरडू बांधून खात न्हाई, बाबा. त्ये हिंडून खातंय."

"एकच वर्ष."

ती गप्प बसली. मी त्याला संमती समजलो. त्यानंतर रोज सकाळी मी गवताच्या दोन पेंढ्या तिच्या दारात टाकत होतो आणि तिची शेरडं रोज दिवसभर ओरडत होती. माणूस मेल्यासारखी ओरडायची. बायको म्हणायची, कान किटले. आबा ओट्यावर बसून ऐकत असायचे.

ऑगस्टमध्ये एका सकाळी माळावर गेलो तर कुंपणाची एक फांदी सरकवलेली. आत लेंड्या. खालच्या तीन एकरांतलं गवत शेंड्याशेंड्याला कुरतडलेलं. वरच्या अंगाला कुणी गेलेलं नव्हतं. माझं डोकं फिरलं. तिथून उठलो तो थेट काकीच्या दारात. ती लसूण सोलत बसली होती. परेडच्या मैदानावर बोलतात त्या आवाजात मी बोललो.

"काकी, शेरडं माळावर सोडलीस?"

"दावणीला हायत. बघ."

"आता हायत. दुपारी मी उसात असतो तवा कुठं असत्यात?"

तिनं लसणाची पाकळी खाली ठेवली. "मला काय इचारतुयास? तुझ्या घरात इचार."

माझ्या घरात! म्हणजे बायकोचं नाव घेते ही. मी तसाच घरी आलो आणि बायकोला विचारलं. विचारलं म्हणजे झापलंच. ती आधी थक्क झाली, मग रडली. "मी कशाला सोडू तिची शेरडं? तुमाला काय झालंय?" मला काय झालंय ते मलाही माहीत नव्हतं. महिनाभर काकी माझ्याशी बोलली नाही आणि बायको कामापुरतंच बोलली. मी फांदी परत लावायचो, दोन-चार दिवसांनी ती पुन्हा सरकलेली असायची. दोघींपैकी एक खोटं बोलत होती, आणि दोघीही खोटं बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. हा हिशेब काही केल्या जुळत नव्हता. आबांना विचारायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. ते ओट्यावर, गुडघ्यांना तेल चोळत.

सप्टेंबरात शिरवळच्या एका कारखान्यात रखवालदाराची जागा आहे असं कळलं म्हणून बघायला गेलो. साहेब आलेच नव्हते, म्हणून दुपारीच परत फिरलो. घराच्या मागच्या बाजूनं आलो आणि माळाकडं नजर गेली.

माळावर आबा होते.

काठी बगलेत, डोक्याला पटका, हातात निरगुडीची एक डहाळी. काकीची चारी शेरडं पुढं. आबा त्यांना एका जागी फार वेळ थांबू देत नव्हते. थोडं खाल्लं की डहाळी हलवायची, पुढच्या पट्ट्यात घ्यायचं. तोंडानं काहीतरी बारीक आवाज काढत होते, मी लहानपणी ऐकलेला. मी बाभळीमागं उभा राहिलो. ओट्यावरून न्हाणीपर्यंत जायला ज्यांना माझा हात लागतो, ते वडील उतारावर उभे होते. थोड्या वेळानं त्यांनी शेरडं बाहेर घेतली, फांदी अर्धीमुर्धी ओढून लावली, काकीच्या दावणीला शेरडं बांधली आणि ओट्यावर येऊन बसले. मी समोरून आलो तेव्हा म्हणाले, "आलास व्हय? आज गुडघं लय दुखत्यात रं."

मी "व्हय आबा" म्हणून आत गेलो.

का बोललो नाही, सांगता येत नाही. राग यायला हवा होता. आलाही असेल, पण त्याच्यासोबत दुसरंही काहीतरी आलं. वडील चालू शकतात याचा आनंद म्हणावा, तर ते माझ्याशी खोटं बोलत होते. आणि मी दोन बायकांना विनाकारण दुखावलं होतं, ते वेगळंच. दोन दिवस मी नुसता घरात फिरत राहिलो. तिसऱ्या दिवशी बायकोला सांगितलं. तिनं कपाळाला हात लावला आणि महिन्यात पहिल्यांदा हसली. "आदी काकींकडं जावा," म्हणाली.

काकी अंगणात म्हशीचं शेण काढत होती. मी उभाच राहिलो.

"काकी, चुकलो. आबा हुते ते."

"मला म्हाईत हाय."

"मग तू सांगितलं का न्हाईस?"

"थोरल्या दिराचं नाव सांगू व्हय मी? त्यास्नी शेरडांचं वरडणं सोसंना. सोडून न्यायचे, आणून बांधायचे. मी आतनं बघायची." तिनं हात झटकले. "आन तू इचारायला आला न्हवतास. सांगायला आला हुतास."

मी मान खाली घातली. चोवीस वर्षांत बरेच साहेब बोलले, पण असं लागलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलेलं तिला दिसलं असावं, कारण ती लगेच बोलली, "बरं झालं आता. त्या पेंढ्या टाकतुयास नव्हं, त्या ने माघारी. निम्म्या तशाच पडल्यात, उंदीर झाल्यात." मी पेंढ्या उचलल्या. तिनं चहा टाकला. फार गोड होता, सगळा प्यायलो.

पण गोंधळ तिथं संपला नाही. तिथून खरा सुरू झाला.

ऑक्टोबरात दोघं माळावर गेलो, मी आणि काकी. वरच्या तीन एकरांत, जिथं मी डोळ्यांत तेल घालून राखण केली होती, तिथं कुसळी कमरेला लागत होती. ती हातानं बाजूला केली तर खाली स्टायलोची रोपं होती, पण दोऱ्यासारखी, पिवळट, ऊन न मिळालेली. आणि खालच्या तीन एकरांत, जिथं शेरडांनी माझं वाटोळं केलं होतं, तिथं कुसळी ठेंगणी राहिलेली आणि तिच्यामधून स्टायलो पसरलेलं, बारीक पिवळ्या फुलांचं. मधूनच मारवेलचे ठोंब. काकीनं एक पान तोडून तोंडात घातलं. "आंबट न्हाई," ती म्हणाली.

मी तिथूनच साताऱ्याच्या बाईंना फोन लावला. त्यांनी फोटो मागवले, बघितले, परत फोन केला. म्हणाल्या, "तुमची चूक नाही, माझं सांगणं अर्धं राहिलं. मोकाट चराई बंदच ठेवायची. पण जुनं गवत उंच झालं की नवीन रोपाला ऊन मिळत नाही, म्हणून ते अधूनमधून दाबात ठेवावं लागतं. कापून किंवा थोडा वेळ चारून, हलवत हलवत." मग त्यांनी विचारलं, "तुमच्याकडं हे कुणी केलं?"

"वडिलांनी."

"त्यांना माहीत असणार."

माहीत होतं का? तोच तर प्रश्न. संध्याकाळी मी ओट्यावर आबांच्या शेजारी बसलो आणि सरळ विचारलं. पकडले गेल्याचं त्यांना काहीच वाटलं नाही.

"आबा, गवत दाबायला म्हणून शेरडं नेत हुता?"

"मंग? वरचं खाल्ल्याबिगर खालचं येतंय व्हय?"

एवढं साधं. पण आठवड्यानं पाहुणे आले तेव्हा त्यांनीही तेच विचारलं आणि आबा म्हणाले, "मला काय म्हाईत त्यातलं? शेरडं उपाशी हुती, सोडली." आणि काकीला म्हणाले होते म्हणे, "पोरगं लय रुबाब करतंय, जरा जिरवू." तिन्ही उत्तरं मी माझ्या कानानं किंवा काकीच्या तोंडून ऐकलेली. तिन्ही खरी वाटतात. कधी वाटतं, म्हाताऱ्याला सगळं ठाऊक होतं आणि सांगितलं असतं तर मी वही काढून वाद घातला असता. कधी वाटतं, दया आली एवढंच, बाकीचं गवतानं केलं. मी विचारणं सोडून दिलं.

पुढच्या वर्षी वरच्या अंगाला आम्ही पुन्हा बी टाकलं. या खेपेला मेंढरांचा तो म्हातारा आला तेव्हा त्याला हात जोडून थांबवलं आणि बी विस्कटल्यावर त्याचा कळप एकदा वरून फिरवून घेतला. नंतर काकीची शेरडं दर काही दिवसांनी थोडा वेळ आत. नेतं कोण, हे कुणी विचारत नाही. आबांचे गुडघे दुखतच असतात. दिवाळीच्या आधी सगळ्यांनी मिळून गवत कापलं आणि काकीच्या गोठ्यामागं गंजी रचली. तिची म्हैस आता दिवाळीनंतरही खाली मान घालून चरते.

परवा शेजारच्या गावचा एक पेन्शनीवरचा फौजी माळ बघायला आला. त्यालाही आपल्या पडीक रानात बी टाकायचंय. म्हणाला, "मेजर, नक्की काय करायचं ते सांगा." मी सांगायला लागलो. चराई बंद करा, म्हणालो. मग म्हणालो, पण चारा. मग म्हणालो, बी गरम पाण्यात घाला, पण शिजवू नका. तो वहीत लिहीत होता, त्यानं लिहायचं थांबवलं. काकी बाजूलाच होती. तिनं त्याला हाताला धरून खालच्या अंगाला नेलं, कुसळी बाजूला करून रोप दाखवलं आणि म्हणाली, "ह्येला ऊन लागलं पायजे. बास." तो तेवढंच लिहून गेला.

वरच्या कोपऱ्यात मात्र अजून एक तुकडा उघडा आहे. तिथं दोनदा बी टाकलं, दोनदा काही आलं नाही. कुसळीसुद्धा येत नाही. बाई म्हणतात माती तपासू, काकी म्हणते खाली सलग खडक असणार, आबा म्हणतात तिथं कधीच काही येत नव्हतं. मातीची पिशवी भरून ठेवली आहे. सोमवारी साताऱ्याला घेऊन जाईन.